दोन्ही बाजूंनी सुलट

साताऱ्याच्या जुन्या वस्तीत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, एक बैठे घर आहे. त्या घराच्या पडवीत दुपारी बारानंतर स्वच्छ ऊन येते आणि तीनपर्यंत टिकते. तेवढा वेळ माईंचा. घरातील मंडळींनी तो जणू त्यांच्या नावे लिहूनच दिला आहे. त्या वेळात माईंना कोणी भाजी निवडायला सांगत नाही, दाराशी आलेल्या माणसाशी बोलायला बोलावीत नाही. वेताची एक जुनी खुर्ची, पायांशी कापडी पिशवी आणि पिशवीत लोकरीचे गुंडे, एवढाच त्यांचा सरंजाम. माईंच्या वयाची पंचाहत्तरी उलटून गेली आहे. कान थोडे मंद झाले आहेत, गुडघे कुरकुर करतात. पण सुया हाती आल्या, की बोटांना वयाचा विसर पडतो. विणताना त्यांचे ओठ किंचित हालत असतात. नवख्या माणसाला वाटावे, माई जप करीत आहेत. वस्तुतः त्या टाके मोजीत असतात.

आपल्या भाषेने 'विणणे' या एकाच क्रियापदावर केवढा भार टाकला आहे! विणकर मागावर लुगडे विणतो, बुरूड टोपली विणतो, खेड्यातील म्हातारा सुंभाने बाज विणतो, कोळी जाळे विणतो, मग तो समुद्रावरचा असो की भिंतीवरचा. आणि माई सुयांवर लोकर विणतात. शब्द एक असला, तरी कृती एक नव्हे. मागावर ताणा व बाणा असे दोन धागे असतात आणि ते एकमेकांना काटकोनात भेटतात. सुयांवरच्या विणकामात ताणा नाही आणि बाणाही नाही. एकाच धाग्याच्या फासातून त्याच धाग्याचा दुसरा फास ओढून घ्यावयाचा, त्यातून तिसरा, तिसऱ्यातून चौथा, असे ते काम चालते. म्हणूनच असे वस्त्र ताणले असता लांबते आणि सोडले असता पूर्ववत होते. म्हणूनच त्याचे मोकळे टोक धरून ओढले, तर पाहता पाहता सारे वस्त्र नाहीसे होऊन हाती नुसता धागा उरतो. मागावरचे कापड फाटते, हे उसवते.

या कलेत मूळ टाके दोन, सुलट आणि उलट. खरे पाहता ते दोनही नव्हेत. विणणारीने आपल्या बाजूने घातलेला सुलट टाका पलीकडून पाहणाऱ्याला उलट दिसतो आणि तिने घातलेला उलट टाका त्याला सुलट दिसतो. सुलट टाक्यांची बाजू गव्हाच्या ओंबीसारखी रेखीव, तर उलट टाक्यांची बाजू खडबडीत, लहान लहान उंचवट्यांची. प्रत्येक वस्त्राला अशी एक मिरविण्याची बाजू आणि एक झाकण्याची बाजू असते. धाग्याला धागा जोडल्याच्या गाठी, रंग बदलताना मागून ओढलेले लांब दोरे, हे सारे या दुसऱ्या बाजूला ढकललेले असते. बाजारात स्वेटर पाहताना गिऱ्हाईक तो क्वचितच उलटून पाहते. माई मात्र दुसऱ्याच्या हातचे विणकाम पाहावयास घेतले, की प्रथम ते पालथे करतात. पुष्कळांना त्यांची ही सवय रुचत नाही.

ही सवय त्यांना कशी लागली, त्याला एक कारण आहे. १९६२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात २० तारखेला चिनी सैन्याने लडाख आणि ईशान्य सीमा अशा दोन्ही बाजूंनी आक्रमण केले. आपले जवान हिमालयाच्या थंडीत पुरेशा उबदार कपड्यांवाचून लढत आहेत, ही वार्ता देशभर पसरली. गावोगावच्या स्त्रियांनी आणि शाळकरी मुलींनी जवानांसाठी स्वेटर, मफलर, हातमोजे व कानटोप्या विणावयास घेतल्या. साताऱ्याच्या कित्येक घरांतून माणसे सैन्यात गेलेली; तेथे तर निराळे सांगावयास नकोच होते. माई तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. शाळेच्या एका मोठ्या खोलीत दुपारी मुली ओळीने बसत आणि हिरवट रंगाच्या लोकरीचे मफलर विणीत. माईंनी आपला पहिला मफलर चार दिवसांत पुरा केला आणि मोठ्या अभिमानाने तो शिवणाच्या बाईंच्या पुढे ठेवला. बाईंनी त्याची वरची बाजू पाहिलीच नाही. त्यांनी तो उलटला, त्यावरून बोट फिरविले आणि तीन ठिकाणी ते थांबविले. तेथे गाठी होत्या.

"ही बाजू कोणाच्या गळ्याला लागणार?" बाईंनी विचारले.

माईंना उत्तर सुचले नाही.

"वरची बाजू लोक पाहतील. पण थंडीत रात्रभर उभा राहणार आहे, त्याच्या कातडीला ही बाजू लागणार. सोड तो."

चार दिवसांचे काम वर्गासमक्ष उसवले गेले. माई रडल्या, परंतु त्यांनी तोच मफलर पुन्हा विणला, गाठीवाचून, धाग्याची टोके टाक्यांच्या आत वळवून. २१ नोव्हेंबरला युद्ध थांबले, तेव्हा तो मफलर नुकताच गठ्ठ्यात बांधून रवाना झाला होता. तो कोणाच्या गळ्यात पडला, हे त्यांना कधीच कळले नाही.

आता त्या गोष्टीला साठांहून अधिक वर्षे झाली. माईंची नात सैन्यात डॉक्टर आहे. तिची नेमणूक लेहला झाल्याचे पत्र आले, तेव्हा घरातील मंडळी थोडी हिरमुसली, माईंनी मात्र फक्त एवढेच विचारले, "किती उंच आहे गं ते?"

"साडेअकरा हजार फूट."

"आणि जायचे कधी?"

"भाऊबीज झाली, की तिसऱ्या दिवशी."

माईंनी मनातल्या मनात दिवस मोजले. नारळी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी त्या नातीला बरोबर घेऊन लोकरीच्या दुकानात गेल्या. नातीने गर्द निळ्या रंगाची लोकर उचलली, ठेवली, मोतिया रंगाची उचलली, पुन्हा निळी उचलली. असे बराच वेळ चालले. शेवटी ती हसून म्हणाली, "माई, मला काही ठरवता येत नाही. तूच सांग." दुकानदारही कंटाळला होता. माईंनी दोन्ही रंगांच्या लडी पिशवीत टाकल्या आणि म्हणाल्या, "ठरवायचे कशाला? एका अंगाने निळा, दुसऱ्या अंगाने मोतिया. आणि जाळीचा."

"जाळीचा? लडाखच्या थंडीत?"

ही शंका कोणालाही येईल. परंतु लोकरीची ऊब लोकरीत नसून तिच्या तंतूंमध्ये अडकून पडलेल्या हवेत असते. स्थिर हवेतून उष्णता सहसा बाहेर पडत नाही. दोन पदरांचे वस्त्र असेल, तर त्या दोहोंच्या मध्येही हवेचा एक थर कोंडून राहतो. गळपट्टा गळ्याभोवती दोनदा गुंडाळला, की एका वेढ्याची छिद्रे दुसऱ्या वेढ्याखाली झाकली जातात. तेव्हा जाळी असूनही ऊब कमी होत नाही आणि वजन तेवढे हलके होते. माईंनी एवढे विवेचन केले नाही. त्या म्हणाल्या, "घालून बघ, मग बोल."

दोन्ही अंगांनी पाहण्याजोगे वस्त्र ही आपल्याकडे काही अपूर्वाईची गोष्ट नाही. पैठणीचा पदर उलटला, तरी त्यावरची नक्षी तशीच स्वच्छ दिसते. हातमागावरची खरी पैठणी ओळखण्याची ती एक खूणच समजली जाते. काश्मिरी विणकर दोरुखा शाली विणतात. सुयांवर मात्र ही किमया साधण्याचा मार्ग निराळा आहे. सुईवर टाके दुप्पट घ्यावे लागतात. माईंनी अठ्ठेचाळीस निळे आणि अठ्ठेचाळीस मोतिया असे शहाण्णव टाके घातले, तेही एकाआड एक: एक निळा, एक मोतिया, पुन्हा एक निळा. दोन्ही रंगांचे धागे मागे ठेवून निळा टाका सुलट विणावयाचा. मग दोन्ही धागे पुढे आणून शेजारचा मोतिया टाका उलट विणावयाचा. हा उलट टाका पलीकडून पाहणाऱ्याला सुलटच दिसणार. अशा रीतीने एकाच सुईवर, एकाच वेळी, दोन वस्त्रे पाठीला पाठ लावून वाढत जातात. दोघांच्या खडबडीत बाजू आत, एकमेकींकडे तोंड करून. आणि दोघांच्या रेखीव बाजू बाहेर. नुसते सुलट विणलेले एकपदरी वस्त्र कडांना गुंडाळले जाते, हा विणणाऱ्या बायकांचा नेहमीचा वैताग. येथे एका पदराची ओढ दुसरा पदर परतवून लावतो आणि गळपट्टा कसा सपाट पडतो.

धागा मागे-पुढे नेताना दोहोंपैकी एक जरी चुकून राहिला, तरी तो भलत्याच बाजूला आडवा पडतो. ओळीच्या आरंभी दोन्ही धाग्यांना एकमेकांभोवती एक पीळ द्यावा लागतो. तो विसरला, तर काठ उघडे राहतात. शिवाय हे दोन पदर मधल्या भागात एकमेकांपासून अलग असतात. ते सरकू नयेत म्हणून माई मधून मधून रंगांची अदलाबदल करीत. निळ्या टाक्याच्या जागी मोतिया आणि मोतियाच्या जागी निळा. त्यामुळे निळ्या बाजूवर मोतिया टिकली उमटे, मोतिया बाजूवर त्याच जागी निळी टिकली उमटे आणि त्या ठिकाणी दोन्ही पदर गुंडी लावल्यासारखे जोडले जात.

ही युक्ती फार जुनी आहे. टॉल्स्टॉयच्या 'युद्ध आणि शांती' या कादंबरीच्या उपसंहारात अॅना माकारोव्हना नावाची एक वृद्धा येते. ती एकाच वेळी दोन पायमोजे विणते, एकात एक. ते पुरे झाले, की मुलांना भोवती जमवून मोठ्या थाटाने एका मोज्यातून दुसरा मोजा बाहेर ओढून काढते आणि मुले आनंदाने ओरडतात. एवढ्या प्रचंड कादंबरीत, नेपोलियनच्या स्वारीच्या आणि मॉस्कोच्या आगीच्या वर्णनांनंतर, त्या थोर लेखकाला एका म्हातारीच्या सुयांवरील ही करामत नोंदवावीशी वाटली. माईंनी ती कादंबरी वाचलेली नाही. नातीने त्यांना हा प्रसंग वाचून दाखविला, तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन मोजे वेगळे निघाले पाहिजेत, म्हणजे एकही धागा दुसऱ्यात अडकता कामा नये. बाई हुशार होती."

परंतु खरी परीक्षा जाळीची. जाळीचे विणकाम म्हणजे छिद्रांचे विणकाम, असे म्हणता येईल. सुईवर लोकरीचा एक मोकळा वेढा घेतला, की पुढच्या ओळीत तेथे छिद्र पडते. पण त्याबरोबर एक टाका वाढतो. तो वाढावा फेडण्यासाठी जवळच दोन टाके एकत्र विणून त्यांचा एक करावा लागतो. जमा झाली की खर्च, खर्च झाला की जमा. हा हिशेब ओळीगणिक जुळला, तरच काठ सरळ राहतो. या कलेत ज्यांनी कळस गाठला, त्यांत स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरील स्त्रियांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. त्यांतही अन्स्ट या बेटाचे विशेष. तेथे मेंढीच्या मानेवरची मऊ लोकर हातांनी उपटून घेत, ती अतिशय बारीक कातीत आणि तिची जाळीदार शाल विणीत. शाल गज-दीड गज लांबरुंद; पण बोटातील अंगठीतून अलगद ओढून काढता येईल इतकी तलम! या बायका पाठीवरच्या टोपलीत जळणाचे ओझे घेऊन चालत असताही विणीत असत. कमरेला चामड्याचा भोके पाडलेला पट्टा बांधून त्यात एक सुई खोवीत, म्हणजे एक हात मोकळा राही. या शालींचे कौतुक करणाऱ्यांनी त्यांच्या किमतीचा हिशेबही पाहावा. व्यापारी बहुधा रोकड देत नसत. शालीच्या मोबदल्यात चहा, कापड असा आपल्याच दुकानातला माल देत. १८७२ साली सरकारी चौकशी झाली, तेव्हा या बायकांनी आपली गाऱ्हाणी सांगितली, ती आजही वाचावयास मिळतात. अंगठीतून जाणाऱ्या शाली विणणाऱ्या हातांना रोख पैसा मिळत नव्हता.

एकपदरी जाळी कठीण, मग दुपदरी जाळी किती कठीण असेल! निळ्या पदराला जेथे छिद्र, नेमके त्याच जागी मोतिया पदरालाही छिद्र पडले पाहिजे. तरच त्यातून उजेड आरपार जातो. दोन टाके एकत्र विणावयाचे, तर ते शेजारी हवेत. पण सुईवर निळ्याशेजारी मोतिया बसलेला. म्हणून दर वेळी टाके सुईवरून उतरवून त्यांचा क्रम बदलावा लागतो: दोन निळे एकत्र, दोन मोतिया एकत्र. त्या क्षणी एक टाका सुईवाचून नुसता हवेत लोंबत असतो. तो निसटला, तर खाली कितीतरी ओळी उसवत जाईल. अशा वेळी माई श्वास रोखून धरीत आणि घरातील लहान मुलेही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प होत. दर चाळीस ओळींनंतर त्या सर्व टाक्यांतून शिवणाचा एक बारीक तांबडा दोरा ओवून ठेवीत. पुढे काही बिघडले, तर उसवणे त्या दोऱ्यापाशी येऊन थांबावे, ही त्यातली योजना.

रोज आठ ओळी, याहून अधिक काम होत नसे. आठ ओळींचा एक इंच. साठ इंचांचा गळपट्टा व्हावयाचा, म्हणजे चारशे ऐंशी ओळी. गणपतीचे दिवस गेले, नवरात्र गेले, कोजागरी झाली. अश्विन वद्य अष्टमीला चारशेवी ओळ पुरी झाली. दहा दिवसांचे काम उरले होते आणि नातीच्या जाण्याला बारा दिवस होते. माई समाधानाने उठल्या आणि गळपट्टा दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो उन्हासमोर केला.

उजेडाचे शेकडो ठिपके त्यातून चमकत होते. वेलीच्या पानांसारखे ते खालून वर चढत गेले होते. पण एका जागी पानाचे टोक विझलेले होते. माईंनी चष्मा पुसला. निळ्या बाजूने पाहिले, छिद्र होते. मोतिया बाजूने पाहिले, तेथेही होते. मात्र मोतिया बाजूचे छिद्र एक टाका सरकलेले होते. दोन्ही छिद्रे एकमेकांसमोर येतच नव्हती. टाके मोजून पाहिले, तर पुरे शहाण्णव. हिशेब बरोबर होता, जागा चुकली होती. आणि हिशेब बरोबर असल्यामुळेच चूक इतके दिवस कळली नव्हती. पाच दिवसांपूर्वी एका संध्याकाळी, राहिलेली ओळ पुरी करून टाकू म्हणून, वीज गेलेली असता त्या कंदिलाच्या उजेडात बसल्या होत्या. त्या वेळी टाक्यांचा क्रम बदलताना मोतिया वेढा एक घर पलीकडे गेला असावा. ती ओळ तांबड्या दोऱ्याच्या अगदी लगत वर होती. तिच्यावर जवळजवळ चाळीस ओळी चढल्या होत्या. चाळीस ओळी म्हणजे तीन हजार आठशे चाळीस टाके.

नात दारात उभी होती. तिने गळपट्टा हाती घेऊन पाहिला. तिला चूक दाखविल्यावरही चटकन दिसेना.

"माई, हे एवढेसे कोणाला दिसणार आहे?"

"कुठल्या बाजूने?" माईंनी विचारले.

हा प्रश्न साधा नव्हता. इतर वस्त्रांत झाकण्याची एक बाजू असते. येथे ती नव्हतीच. आणि तरीही लपविण्याला अगदीच जागा नसते, असेही नव्हे. धाग्यांची टोके माई दोन पदरांच्या मध्ये ओढून घेत. ती बाहेरून दिसत नसत आणि अंगालाही टोचत नसत. परंतु उजेड अडविणारे छिद्र पदरांच्या आत ढकलता येत नाही.

नातीने दुसरा मुद्दा काढला. तो अधिक बळकट होता. "उसवलेस, तर मी जाईपर्यंत पुरा होणार नाही. मला पुरा मफलर हवा आहे, निर्दोष नको." यात तिचे चुकत होते, असे कोण म्हणेल? थंडीत जाणाऱ्या माणसाला आज हाती पडणारे वस्त्र हवे असते. माईंनाही ते कळत होते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी सुई हळूच काढून घेतली, निळा धागा एका हातात आणि मोतिया धागा दुसऱ्या हातात धरला व ओढावयास आरंभ केला. टप टप टप असा बारीक आवाज करीत टाके सुटू लागले. नात थोडा वेळ पाहत राहिली. मग खाली बसली आणि सुटलेला मोतिया धागा गुंड्यावर गुंडाळू लागली. दिवे लागण्याच्या सुमारास तांबडा दोरा दिसू लागला आणि उसवणे थांबले.

त्या वर्षी घरच्या चकल्या सुनेने केल्या आणि त्या थोड्या कडक झाल्या. माई पडवीतून उठल्या नाहीत. नात त्यांच्याजवळ बसू लागली. साधे विणकाम तिला लहानपणी येत होते. आता ती टाक्यांचा क्रम बदलणे शिकली. जखमेला टाके घालणारे तिचे हात स्थिर होते, पण तिच्या टाक्यांची ओढ माईंच्या टाक्यांहून सैल होती. "जखम नाही ही, जरा आवळ," असे माई म्हणत. निघण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत अकरा दिवसांत अठ्ठ्याऐंशी ओळी झाल्या. बत्तीस ओळी, म्हणजे चार इंच, उरले. माईंनी सुयांच्या टोकांना बुचे लावली, गळपट्टा सुयांसकट एका पंचात गुंडाळला आणि वर एक कागद ठेवला. त्यावर राहिलेल्या बत्तीस ओळींचा तपशील होता आणि खाली लिहिले होते: 'दिवसाच विणणे. झाल्यावर रिठ्याच्या पाण्यात धुणे. पिळू नये. टाचण्या लावून ताणून वाळविणे, म्हणजे जाळी उघडेल.' रिठ्यांची पुडीही त्या पंचातच बांधली होती.

दोन महिने काही कळले नाही. फोनवर प्रकृतीच्या गोष्टी होत, पावसाच्या व बर्फाच्या होत; गळपट्ट्याची चौकशी माई करीत नसत. पौष महिन्यात एके दिवशी नातीने फोनवर छायाचित्र पाठविले. गळपट्टा खिडकीच्या काचेवर पसरला होता आणि मागे बर्फाचा लख्ख उजेड होता. निळ्या रंगावर पांढऱ्या ठिपक्यांची वेल शेवटपर्यंत चढत गेली होती. शेवटच्या चार इंचांत ठिपके किंचित मोठे होते. तेथे हात बदलला होता. माईंनी ते छायाचित्र पुष्कळ वेळ पाहिले आणि नातवाकडून निरोप पाठविला, "आता पालथा करून पाठव."

दुसरे छायाचित्र आले. माईंनी ते बोटांनी मोठे करविले आणि ओळीमागून ओळ पाहत गेल्या. वरून अकराव्या ओळीत त्यांचे बोट थांबले. त्यांनी फोन लावावयास सांगितला.

"वरून अकरावी ओळ," माई म्हणाल्या.

"मला ठाऊक आहे," पलीकडून नात म्हणाली. "धुऊन ताणल्यावर दिसले. उसवू का?"

पडवीत ऊन आले होते. माईंनी हातातील सुया मांडीवर ठेवल्या.

"थंडी किती आहे तिकडे?"

"रात्री उणे बारा होती."

"मग आधी गळ्यात घाल," माई म्हणाल्या.